दिवाकरसेन दोन्ही गाद्यांचा वारस झाला असता तर : निबंध स्पर्धेच्या परीक्षक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. आयोजक व परीक्षक मंडळ,
तालुकास्तरीय शालेय निबंध स्पर्धा, इतिहास विभाग

सविनय नमस्कार.

यंदाच्या स्पर्धेच्या माध्यमिक गटाच्या निकालपत्रात एका निबंधापुढे गुण नाहीत, फक्त शेरा आहे: 'अपात्र. इतिहासात जर-तरला स्थान नाही.' तो निबंध आमच्या गावातील नववीत शिकणाऱ्या एका मुलीचा आहे. मी तिची वर्गशिक्षिका नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयात संध्याकाळचे दोन तास बसते, एवढाच माझा तिच्याशी संबंध. निकाल लागल्यानंतर ती आपली कच्ची वही घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तो निबंध मी प्रथम वाचला. तिला बक्षीस मिळावे अशी मागणी मी करत नाही. त्या शेऱ्यामागे जी समजूत आहे ती मला चुकीची वाटते, आणि त्या समजुतीमुळे आपल्या तालुक्यातील मुले आपल्याच मातीतील एका मोठ्या प्रश्नापासून दूर राहतील, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

निबंधाचा विषय मंडळाला आठवत असेल. चौथ्या शतकाच्या अखेरीस गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याने आपली मुलगी प्रभावतीगुप्ता वाकाटक राजा दुसरा रुद्रसेन याला दिली. ती ज्या नंदिवर्धनाला सून म्हणून आली, ते म्हणजे रामटेकच्या पायथ्यापासून थोड्याच अंतरावरचे आजचे नगरधन. लग्नानंतर थोड्याच वर्षांत रुद्रसेन वारला, मुले लहान होती, आणि किमान तेरा वर्षे राज्याचा कारभार प्रभावतीने पाहिला. थोरला मुलगा दिवाकरसेन युवराज म्हणूनच तिच्या ताम्रपटात दिसतो. राजा झालेला तो कुठेच दिसत नाही. मुलीने विचारलेला प्रश्न असा, की दिवाकरसेन जगला असता आणि चंद्रगुप्ताच्या पश्चात गादीवर बसायला मुलगा उरला नसता, तर उत्तरेचे गुप्त राज्य आणि विदर्भाचे वाकाटक राज्य एका वारसाखाली आले असते काय? त्यातून पुढे काय घडले असते?

हा कल्पनाविलास आहे असे मंडळाला वाटले. मला तसे का वाटत नाही, ते सांगते.

एका लग्नाने दोन कुळांचे नशीब बदलावे आणि मुलीच्या मुलाने आजोळचे नाव अभिमानाने मिरवावे, ही गोष्ट या दोन्ही घराण्यांना नवी नव्हती. पहिल्या चंद्रगुप्ताची, म्हणजे प्रभावतीच्या पणजोबांची, राणी कुमारदेवी वैशालीकडच्या लिच्छवी कुळातली होती. राजा आणि राणी दोघांची चित्रे व नावे असलेली सोन्याची नाणी आहेत आणि त्यांच्या मागच्या बाजूस 'लिच्छवयः' अशी अक्षरे आहेत. त्यांचा मुलगा समुद्रगुप्त प्रयागच्या स्तंभावर स्वतःला 'लिच्छविदौहित्र' म्हणवतो. इकडे वाकाटकांच्या घरीही हेच. वाकाटक राजा पहिला प्रवरसेन याची सून भारशिव या नागकुळातील राजा भवनागाची मुलगी होती, आणि पुढच्या पिढ्यांतील वाकाटक ताम्रपट वंशावळ सांगताना भवनागाचे नाव न चुकता घेतात. म्हणजे आजोळच्या बळावर उभे राहिलेले घराणे दुसऱ्या तशाच घराण्याला मुलगी देत होते. त्या सोयरिकीतून काय काय होऊ शकते हे नंदिवर्धनात आणि पाटलिपुत्रात कोणालाच कळत नसेल, असे कसे मानावे? चंद्रगुप्ताला पश्चिमेकडील क्षत्रपांवर, म्हणजे गुजरात-माळव्याच्या शक राजांवर, चालून जायचे होते आणि माळव्याच्या दक्षिणेला लागून वाकाटकांचे राज्य होते, म्हणून ही सोयरीक झाली, असे इतिहासकार सांगत आले आहेत. या विधानाच्या पोटातच एक 'तर' दडलेला आहे: वाकाटक मित्र नसते, तर ती मोहीम इतकी सोपी गेली नसती. 'यामुळे' असे जिथे लिहिले जाते, तिथे 'हे नसते तर' हे आधी गृहीत धरलेले असते. फरक एवढाच, की मोठी माणसे ते मनात धरतात आणि या मुलीने ते कागदावर मांडले.

आता प्रभावतीच्या ताम्रपटांकडे येते, कारण निबंधाचा जीव तिथे आहे. पुण्यात मिळालेल्या तिच्या ताम्रपटाची सुरुवात सासरच्या नव्हे, माहेरच्या वंशावळीने होते. घटोत्कच, चंद्रगुप्त, समुद्रगुप्त, पुन्हा चंद्रगुप्त, आणि मग ती. वाकाटकांचे गोत्र विष्णुवृद्ध. ती मात्र लग्नानंतर आणि वैधव्यानंतरही आपले गोत्र माहेरचेच, 'धारण' असे, सांगते. आईचेही नाव घेते: नागकुळातील कुबेरनागा. आणि स्वतःला म्हणवते 'उभयकुलालङ्कारभूता', दोन्ही कुळांचे भूषण. त्यानंतर येते 'युवराजश्रीदिवाकरसेनजननी'. राज्य चालवणाऱ्या बाईने त्यासाठी वेगळे पद घेतले नाही. युवराजाची आई या नात्यानेच तिने गाव दान दिले.

हा शब्द वाचताना मुलीला काय आठवले, ते तिने निबंधात लिहिले नाही, मला सांगितले; तिच्या आईच्या परवानगीने इथे देते. तिचे वडील ती पाचवीत असताना गेले. घरच्या वावराच्या सातबाऱ्यावर तेव्हापासून तिचे आणि धाकट्या भावाचे नाव आहे, आणि त्यापुढे तलाठ्याच्या अक्षरात 'अ. पा. क. आई'. अज्ञान पालनकर्ता आई. सोसायटीचे कर्ज, विम्याचा अर्ज, धान विकल्याची पावती, सगळीकडे त्या माउलीची सही याच नात्याने होते. मुलगी म्हणाली, "बाई, त्या राणीच्या पत्र्यावर पण तेच लिहून आहे नं." मी छत्तीस वर्षे इतिहास शिकवला. 'युवराजश्रीदिवाकरसेनजननी' या शब्दाचा इतका नेमका अर्थ मला कधी कोणाला सांगता आला नव्हता.

ज्या मुलीला हे दिसले, तिने पुढचा प्रश्न विचारणे अटळ होते. पालनकर्ती आई मुलासाठी काय राखून ठेवते? दिवाकरसेनासाठी ती एकच गादी राखत होती, की दोन? माहेरचे गोत्र आणि माहेरची वंशावळ पुढे करण्यामागे केवळ पित्याचा दबदबा होता, की मुलाच्या हक्काची एक बारीक खूण होती? याचे उत्तर ताम्रपट देत नाही. पण त्या काळच्या धर्मशास्त्रात अशा हक्काची वाट होती, आणि मुलीने ती वाचनालयातील जुन्या पुस्तकांतून शोधली, हे मला विशेष वाटते. ज्याला मुलगा नाही त्याने मुलीला 'पुत्रिका' ठरवावे आणि तिच्या मुलाने आजोबांचा वारसा चालवावा, ही तरतूद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. फक्त तिच्यात एक अडचण आहे. पुत्रिकेचा मुलगा आजोबांच्या कुळात गेला तर बापाचे कुळ त्याला मुकते. मग दिवाकरसेन पाटलिपुत्राला गेला असता आणि नंदिवर्धनाची गादी धाकट्या भावाकडे राहिली असती. दोन भावांची दोन राज्ये, आणि एकीकरण कुठेच नाही. यावर शास्त्रातच दुसरा शब्द आहे, 'द्व्यामुष्यायण': दोन्ही बापांचा मुलगा, दोन्ही घरी पिंड देणारा आणि दोन्ही घरचा वारस. नववीतील मुलीने हा शब्द योग्य जागी वापरला आहे. मंडळाने निबंध तिथपर्यंत वाचला असता, तर हा शेरा लिहिताना हात थबकला असता असे मला मनापासून वाटते.

लग्नातून दोन राज्ये एका वारसाकडे येणे म्हणजे काय, याचे दाखले जगात पुष्कळ आहेत. कॅस्टीलची इसाबेल आणि अ‍ॅरागॉनचा फर्डिनांड यांचे लग्न १४६९ साली झाले, पण दोन्ही राज्यांचे कायदे, सभा आणि कर वेगळेच राहिले. दोन्ही मुकुट एका माणसाच्या वारशात आले ते त्यांचा नातू चार्ल्स याच्या काळी, १५१६ मध्ये, आणि तोही मुलीचाच मुलगा होता. त्याच घराण्यात दुसऱ्या एका मुलीचा मुलगा मिगेल हा १४९८ साली जन्मला. पोर्तुगाल, कॅस्टील आणि अ‍ॅरागॉन या तिन्ही राज्यांचा वारस म्हणून त्याच्या नावाने शपथा झाल्या, आणि दोन वर्षांचा होण्याआधीच तो १५०० साली वारला. 'मिगेल जगला असता तर' हा प्रश्न तिकडच्या अभ्यासकांना गैर वाटत नाही. आमचा दिवाकरसेन त्याच रांगेत उभा आहे. आणि इतक्या दूर कशाला जायचे? आपल्या उत्तरेला गढ्याच्या गोंड राज्यात चंदेल घराण्याची दुर्गावती १५४२ साली सून म्हणून आली, दलपतशाहाच्या मृत्यूनंतर लहान वीरनारायणासाठी तिने राज्य राखले आणि १५६४ मध्ये मोगल फौजेशी लढताना ती गेली. प्रभावतीची गोष्ट विदर्भाला अनोळखी वाटावी, असे काहीच नाही.

निबंधात दोष आहेत, आणि ते झाकण्याची माझी इच्छा नाही. मुलीने लिहिले आहे की दोन्ही राज्ये एक होताच राजधानी नंदिवर्धनाला आली असती. मला हे पटत नाही. गंगेकाठच्या सुपीक मुलखाचा महसूल आणि सोन्याचे दीनार पाडणारी टांकसाळ ज्यांच्या हाती, ते दरबार इतक्या दक्षिणेला आणतील हे कठीण. वाकाटकांची मिळालेली नाणी थोडीथोडकी, तीही हलक्या धातूची. दोन्ही मुलखांच्या मध्ये पडणारे उज्जैन किंवा विदिशा जास्त संभवते, आणि नंदिवर्धन हे दक्षिणेच्या वाटेवरचे मोठे ठाणे राहिले असते. वाकाटक राजे 'महाराज' म्हणवत आणि गुप्त 'महाराजाधिराज'; एकत्र झालेल्या घरात वरचे नाव कोणाचे चालले असते, हे या दोन शब्दांतच दिसते. तिने असेही लिहिले आहे की दरबारची भाषा मराठी झाली असती. मराठी तेव्हा घडायची होती. पण दिवाकरसेनाचा भाऊ दुसरा प्रवरसेन याने 'सेतुबंध' हे काव्य माहाराष्ट्री प्राकृतात रचले, अशी परंपरा आहे. राजाच ज्या भाषेत महाकाव्य लिहितो, तिला गंगेकाठी केवढा मान मिळाला असता, एवढे म्हणणे नक्कीच रास्त आहे.

आणि एक मोठी चूक. राज्याभिषेकाच्या पंगतीत तिने भिवापुरी मिरचीचा ठेचा वाढला आहे. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली, प्रभावतीनंतर हजार वर्षांहून अधिक काळाने. हे सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प बसली, मग तिने विचारले, "मग तेव्हा तिखट कशाचं करत असतील?" आम्ही दोघींनी मिरे, पिंपळी, आले, मोहरी अशी यादी केली. जर-तरचा प्रश्न मुलांना खऱ्या इतिहासाकडे कसा ढकलतो, ते मी त्या संध्याकाळी समोर पाहिले. 'प्रभावतीविषयी माहिती लिहा' या प्रश्नाने तिला त्या काळच्या स्वयंपाकघरात कधीच नेले नसते.

निबंधाचा सर्वांत चांगला भाग मात्र शेवटच्या दोन पानांत आहे, आणि तो मला अजून सोडत नाही. आपले राज्य मोठे झाले असते, याचा आनंद मांडून ती थांबली असती तर मीही तो कल्पनाविलासच म्हटला असता. तिने विचारले आहे की या एकीकरणात आपण काय गमावले असते. वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्म म्हणजे आजच्या वाशीमला राज्य करत होती, स्वतंत्रपणे. नंदिवर्धनाच्या पाठीशी गुप्तांची सगळी ताकद आली असती, तर वाशीमची शाखा किती दिवस टिकली असती? ती टिकली नसती तर पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हरिषेण झाला नसता, त्याचा मंत्री वराहदेव झाला नसता, आणि अजिंठ्याचे सोळावे लेणे, जे वराहदेवाने कोरवून घेतल्याचे तिथल्या लेखात आहे, ते आज आहे तसे नसते. उलट बाजूही तिने मांडली आहे. पुढे नंदिवर्धन काही काळ बस्तरकडच्या नल राजांच्या हाती गेले. नल राजा भवदत्तवर्म्याचा ताम्रपट नंदिवर्धनातूनच दिलेला आहे. मागे गुप्तांचे बळ असते, तर नलांना इथवर येता आले असते काय? एका पारड्यात सुरक्षित राजधानी आणि दुसऱ्यात अजिंठा. तिने निर्णय दिलेला नाही, दोन्ही बाजू ठेवून दिल्या आहेत. माझे मत विचाराल तर मी अजिंठ्याच्या बाजूने झुकेन, पण नलांच्या स्वारीत ज्यांची घरे गेली असतील त्यांना हे मत पटले नसते, हेही मला कळते.

दोन घराण्यांची गाठ पुन्हा बांधण्याचा प्रयत्न झाला होता, याचा माग आपल्याच गडावर आहे. रामटेकच्या केवल नरसिंह मंदिरात भिंतीतील शिलालेख अर्धा नष्ट झालेला आहे. उरलेल्या ओळींवरून काही अभ्यासकांनी असे वाचले आहे की प्रभावतीची मुलगी गुप्तकुळातील घटोत्कचाला (वर वंशावळीत आलेला नव्हे, त्याच नावाचा नंतरचा), म्हणजे बहुधा तिच्या मामालाच, दिलेली होती आणि तिने आईच्या नावे 'प्रभावतीस्वामी' या विष्णूचे मंदिर उभारले. हे वाचन बरोबर असेल, तर एका पिढीत आलेली मुलगी पुढच्या पिढीत परत माहेरच्या कुळात गेली. जी गाठ दिवाकरसेनाच्या रूपाने बसू शकली नाही, ती दुसऱ्या टोकाने मारून पाहण्याचा हा यत्न होता काय, असे मुलीने विचारले आहे. दर कार्तिकात त्रिपुरी पौर्णिमेला आपण हजारोंच्या गर्दीत या मंदिरावरून जातो, आणि त्या भिंतीशी किती जण थांबतात?

मागच्या वर्षी धान कापून झाल्यावर मी सात-आठ मुलांना नगरधनला घेऊन गेले होते. सध्याचा किल्ला बराच नंतरचा आहे. त्याच्या आसपास वाकाटकांची वस्ती जमिनीखाली आहे. २०१५ ते २०१८ या काळात तिथे झालेल्या उत्खननात मातीची एक लहानशी मुद्रा मिळाली. तिच्यावर शंख आहे आणि ब्राह्मी अक्षरांत प्रभावतीगुप्तेचे नाव. वजन ६.४० ग्रॅम, लांबी साधारण साडेतीन सेंटिमीटर. मी मुलांना ओल्या मातीचा तेवढा गोळा करायला सांगितला. धुऱ्यावर बसून त्यांनी बांधीतल्या काळ्या मातीच्या सुपारीएवढ्या गोळ्या वळल्या, अंगठ्याने दाबून चपट्या केल्या, आणि बाभळीच्या काट्याने त्यावर आपापल्या आईचे नाव कोरले. हीच मुलगी तेव्हा म्हणाली होती की एवढ्याशा मातीवर नाव असले की लोक हुकूम ऐकत असतील, तर बाई किती मोठी असेल. निबंधाचे बी तिथे पडले असावे.

माझी मंडळाला विनंती आहे की पुढील वर्षापासून इतिहास विभागात अशा निबंधांना उघडपणे जागा द्यावी, आणि त्यासाठी शिस्त ठरवून द्यावी. मूळ घटनाक्रमात एकच बदल करावा, दहा नव्हेत. तो बदल त्या काळच्या माणसांना शक्य वाटेल असा असावा आणि त्याला लेखाचा, नाण्याचा किंवा शास्त्राचा आधार दाखवावा. नंतरच्या काळातील वस्तू आणि कल्पना आत येऊ देऊ नयेत. आणि बदलामुळे काय हाती आले असते याइतकेच काय गेले असते, तेही लिहावे. या कसोट्यांवर पुष्कळ निबंध नापास होतील, आणि ते व्हावेतच. आपल्याला हवे असल्यास अशा निबंधांच्या तपासणीसाठी मी विनामोबदला येईन, आणि माझ्या गावच्या मुलांचे निबंध असतील तेव्हा बाजूला बसेन.

रिद्धपूर आज आपण गोविंदप्रभूंचे म्हणून ओळखतो. तिथे मिळालेल्या ताम्रपटात, प्रवरसेनाच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी, प्रभावती रामगिरिस्वामीच्या, म्हणजे रामटेकच्या देवाच्या, पायाशी बसून पुन्हा दान देते. आता ती 'महाराजश्रीदामोदरसेनप्रवरसेनजननी' आहे. दिवाकरसेनाचे नाव त्यात नाही. मुलीने निबंधात या गळलेल्या नावाखाली पेनाने दोन रेघा ओढल्या आहेत.

शेवटची विनंती छोटी आहे. तिची मूळ प्रत आपल्या कार्यालयात आहे. ती परत मिळावी. सातव्या पानावरचा ठेचा काढून तिला तिथे मिरे आणि पिंपळी लिहायची आहे, आणि ते पान ती कच्च्या वहीत नव्हे, त्याच प्रतीत दुरुस्त करणार म्हणून हटून बसली आहे. येत्या सोमवारी मी रामटेकला बाजाराला येणार आहे. आपण सांगाल त्या वेळी कार्यालयातून घेऊन जाईन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
रामटेक तालुका, जिल्हा नागपूर